एका किलोत किती रोपे?

सागाची सुकी फळे एका किलोत १,१०० ते ३,५०० भरतात. हिशेबासाठी २,००० धरू. पूर्वप्रक्रिया न करता पेरली, तर उगवण बरेचदा ३० टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे किलोमागे ६०० रोपे. कदंबाच्या एका किलोत मात्र सुमारे २ कोटी बिया असतात. सागाचे फळ अर्ध्या ग्रॅमचे, कदंबाचे बी ०.०५ मिलिग्रॅमचे, फरक १०,००० पट. वाढल्यावर दोन्ही मोठे वृक्षच होतात, त्यामुळे हा फरक झाडाच्या उंचीतून आलेला नाही. सगळी वनस्पतिसृष्टी धरली तर तो याहून कितीतरी मोठा आहे: ऑर्किडच्या धुळीसारख्या बियांपासून सेशेल्समधल्या दर्याच्या नारळापर्यंत, ज्याचे एक बी १५ किलोच्या पुढे जाऊ शकते.

रोपवाटिकेच्या दृष्टीने या फरकाची किंमत काय? महाराष्ट्राच्या वृक्षलागवड मोहिमेचे लक्ष्य २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे होते. शेवटचे लक्ष्य आदल्या वर्षाच्या अडीच पट. ही ३३ कोटी रोपे केवळ सागाची असती, तर ३० टक्के उगवणीने ५५० टन फळे लागली असती आणि ६० टक्के उगवणीने २७५ टन. केवळ कदंबाची असती आणि शंभरातल्या ५ बियाच रोप झाल्या असत्या, तरी ३३० किलो पुरले असते. असे एकाच जातीचे रान कोणी लावत नाही, लावूही नये. पण उगवण दुप्पट झाली की २७५ टन फळे वेचण्याची, वाळवण्याची आणि वाहून नेण्याची मजुरी वाचते, एवढे या हिशेबातून दिसते.

कदंबाचे ३३० किलो स्वस्त वाटतात ते कागदावर. ०.०५ मिलिग्रॅमच्या बीत साठा इतका थोडा असतो, की रोपाला उजेडात येऊन लगेच स्वतःचे अन्न तयार करावे लागते. बी दोन सेंटिमीटर खोल गेले तर कोंब वर पोचत नाही. म्हणून ते बारीक रेतीत मिसळून वाफ्याच्या पृष्ठभागावरच पसरतात आणि पाणी तुषारांनी देतात. झारीच्या जाड धारेने बीही वाहून जाते आणि रोपही. बियाण्यावर वाचलेला खर्च पहिल्या काही आठवड्यांच्या देखरेखीत जातो.

एकाच जातीच्या बियांतला फरक दोन जातींतल्या फरकाहून लहान असतो, पण दिसतो त्यापेक्षा मोठा. सागाची फळे चाळणीने निवडतात. ९ मिलिमीटर आणि १२ मिलिमीटर व्यासांत अंतर फक्त ३ मिलिमीटरचे, म्हणजे ३३ टक्क्यांचे. आकारमान मात्र व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून १२ मिलिमीटरचे फळ ९ मिलिमीटरच्या फळाच्या २.३७ पट भरते. अनेक वृक्षजातींवरच्या प्रयोगांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते: मोठ्या बीचे रोप सुरुवातीला उंच आणि वजनदार असते. उगवणीच्या टक्केवारीबाबत निकाल इतके एकमुखी नाहीत. काही जातींत मोठे बी जास्त उगवते, काहींत आकाराने फरक पडत नाही.

सागाच्या बाबतीत ही टक्केवारीच तपासून घ्यावी लागते. त्याच्या फळाला चार कप्पे असतात. त्यांत बहुधा एक-दोन बिया भरलेल्या मिळतात, कधी चारही, कधी एकही नाही. उगवण फळामागे मोजतात, बीमागे नाही. एका फळातून दोन रोपे आली तर ती दोन धरायची की एक, हे ठरवल्याशिवाय दोन रोपवाटिकांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. मोठ्या फळांत भरलेले कप्पे जास्त असण्याची शक्यता असते. त्यामुळे मोठ्या सागफळाच्या जास्त उगवणीतला काही वाटा आकाराचा नसून बियांच्या संख्येचा असतो. शिवाय कवच कठीण असल्याने उगवण काही महिने रेंगाळते आणि काही फळे दुसऱ्या पावसाळ्यात फुटतात. रात्री पाण्यात आणि दिवसा उन्हात असे फळांना आलटून पालटून ठेवायचे, ते यासाठी. तिसाव्या दिवशीची टक्केवारी आणि वर्षाअखेरची टक्केवारी हे दोन वेगळे आकडे आहेत.

मोठ्या बीची आघाडी टिकते किती दिवस? दोन रोपे घेऊ. एक उगवताना २ ग्रॅमचे, दुसरे १ ग्रॅमचे. मोठे रोज ४.५ टक्क्यांनी वाढते, लहान ५ टक्क्यांनी. चक्रवाढ व्याजाच्या या हिशेबात लहान रोप सुमारे १४५ दिवसांत मोठ्याला गाठते. आकडे उदाहरणाचे आहेत, कल खरा आहे: लहान बियांच्या जातींचा सापेक्ष वाढीचा वेग साधारणपणे जास्त असतो. जूनमध्ये उगवलेल्या रोपांसाठी १४५ दिवस म्हणजे ऑक्टोबरची अखेर. वर्षभर गादीवाफ्यावर ठेवून पुढच्या पावसाळ्यात सागजडी (शेंडा आणि मुळे छाटलेले रोप) लावायची असेल, तर तोवर ही आघाडी संपलेली असू शकते. तेच बी थेट जंगलात टोकले तर हे १४५ दिवस गवताशी झगडण्याचे असतात, आणि त्यानंतर पाणी तुटते. तिथे आघाडीला किंमत आहे.

मग सगळीच झाडे मोठे बी का बनवत नाहीत? स्मिथ आणि फ्रेटवेल या संशोधकांनी १९७४ मध्ये याचे गणित मांडले: झाडाकडे अन्न ठरावीक असते, त्यामुळे प्रत्येक बीचे वजन वाढले की बियांची संख्या घटते. जातींची तुलना केली तर बी १० पट लहान असेल तिथे पर्णछत्राच्या प्रत्येक चौरस मीटरमागे वर्षाला साधारण १० पट बिया निघतात. मोल्स आणि वेस्टोबी यांनी तोवर प्रसिद्ध झालेली माहिती २००४ मध्ये एकत्र केली, तेव्हा मोठ्या बियांची रोपे जास्त जगतात हे दिसले. पण रोपावस्थेतला हा फायदा संख्येतली तूट भरून काढण्याएवढा नव्हता. स्पेनमध्ये सदाहरित ओकवर गोमेझ यांना त्याच वर्षी आणखी एक वजावट सापडली. मोठी फळे चांगली उगवत होती, पण रानडुकरे आणि उंदीर तीच अधिक खात होते.

साठवणुकीतही मोठ्या बिया बहुधा मागे पडतात. निलगिरीचे बी कोरडे आणि थंड ठेवले तर काही वर्षे टिकते. सालाचे बी आठवडा-दहा दिवसांत निकामी होते; आंबा आणि फणस यांच्या बियाही वाळवल्या की मरतात. याचे कारण आकारापेक्षा ओलाव्यात आहे, पण दोन्ही गोष्टी अनेकदा एकाच बीत सापडतात.

राहिली चाळणी. फळाचा आकार काही अंशी मातृवृक्षावर ठरतो. सर्व झाडांची फळे एका ढिगात ओतून १२ मिलिमीटरची चाळणी लावली, तर मोठी फळे देणाऱ्या दोन-चार झाडांचीच संतती रोपवाटिकेत भरते. किमान २५ ते ३० झाडांवरून बी गोळा करण्याचा नियम त्या एका चाळणीत निष्फळ होतो. म्हणून प्रत्येक झाडाची फळे वेगळी चाळावीत, प्रत्येकातली मोठी निवडावीत आणि ढीग त्यानंतर करावा. यात काम वाढते, पण बियाण्याचा खर्च तेवढाच राहतो.