मांसमाशीचे घड्याळ

मटणाच्या दुकानात किंवा उकिरड्यावर घोंघावणाऱ्या सगळ्या माश्या एका जातीच्या नसतात. घरमाशीपेक्षा थोराड, राखाडी, छातीवर तीन काळे उभे पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन असलेली माशी दिसली, तर ती मांसमाशी. ती बहुधा अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच उबतात आणि ती थेट जिवंत अळ्या सोडते. त्या पडल्या पडल्या खायला लागतात, दोनदा कात टाकतात, मग खाणे सोडून मातीत शिरतात आणि तिथे तपकिरी कोष करतात. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी माशी तयार होते. गारठ्यात हाच प्रवास बराच लांबतो.

किळसवाणाच प्रकार, पण न्यायवैद्यकाला तो फार उपयोगी पडतो. मृत्यूला दोन-तीन दिवस उलटले, की शरीराचे तापमान आणि ताठरपणा यांवरून वेळ सांगता येत नाही. तेव्हा मृतदेहावरच्या सर्वांत वाढलेल्या अळीचे वय पाहिले जाते. तपासणारे काही अळ्या गरम पाण्यात मारून अल्कोहोलमध्ये ठेवतात, काही जिवंत वाढवतात, कारण नुसत्या अळीवरून जात ओळखणे कठीण असते. तापमानाची नोंद नसेल तर सगळा हिशेब कोलमडतो. मांसमाशीला चमकदार हिरवी-निळी माशी समजले, तर अंडी उबण्याचे तास उगाच मोजले जातात आणि मृत्यूची वेळ मागे सरकते. एखाद्या संशयिताच्या दृष्टीने तेवढे तासही महत्त्वाचे.

१८५० मध्ये फ्रान्समधल्या अर्ब्वा गावी एका घराच्या दुरुस्तीत भिंतीआड अर्भकाचा सुकलेला देह सापडला. संशय अर्थातच तिथे राहणाऱ्या जोडप्यावर आला. डॉक्टर बेर्जेरे यांनी देहावरचे मांसमाशीचे कोष आणि पतंगांच्या अळ्या पाहून तो १८४८ च्या सुमारास तिथे ठेवला गेला असे मत दिले, आणि संशय आधीच्या भाडेकरूंकडे वळला. गंमत म्हणजे माशीच्या वाढीला वर्ष लागते हा त्यांचा समज चुकीचा होता! मृतदेहातील औषधेही हे घड्याळ बिघडवतात. हवाईतील ली गॉफ यांनी १९८९ मध्ये दाखवले, की कोकेन असलेल्या ऊतींवर पोसलेल्या मांसमाशीच्या अळ्या काही काळ अधिक वेगाने वाढतात.

माशीला मृतदेहच लागतो असे नाही. उघड्या, कुजलेल्या जखमेतही ती अळ्या सोडते. आपल्याकडे जखमेत अळ्या पडण्यामागे बहुतेकदा दुसऱ्या कुळातली माशी असते, पण धोका तोच. मधुमेहामुळे पाय बधिर झालेले, अंथरुणाला खिळलेले, नाकाच्या जुनाट विकाराचे रुग्ण यांना अळ्या पडल्याचे कळतही नाही. जखम झाकलेली ठेवावी, पट्टी ओली झाली की बदलावी. नाकातून दुर्गंधी व रक्त येत असेल, वळवळ जाणवत असेल, तर घरी चिमट्याने ओढाओढ न करता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. अळी आत तुटली तर संसर्ग वाढतो.

इथेच न्यायवैद्यकाची गाठ पुन्हा पडते. घरात मरण पावलेल्या वृद्धाच्या शय्याव्रणात वाढलेल्या अळ्या सापडल्या, पण डोळ्यांत आणि तोंडात त्या लहानच असतील, तर व्रणातल्या अळ्या मृत्यूच्या आधीपासूनच्या असण्याची शक्यता असते. मग त्या मृत्यूची वेळ सांगत नाहीत. त्या जखमेकडे किती दिवस कोणी पाहिले नव्हते, ते सांगतात.