पुराची रेघ वाचताना

12 जुलै 1961 रोजी आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण काम पुरं होण्याआधीच फुटलं. त्या लोंढ्यापुढे मुठेवरचं खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही टिकलं नाही आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा बुडाल्या. त्या दिवसांचे फोटो अनेक घरांत अजून आहेत. ते वाचता येतात.

आधी फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीनं लिहिलेली तारीख सापडते. अल्बमला चिकटलेला फोटो मात्र ओढू नका, तसाच स्कॅन करा. मग भिंतींकडे पाहा. पाण्याच्या वर चिखलाची सरळ रेघ दिसली, तर फोटो पाणी ओसरतानाचा. दुकानाची पाटी, पुलाचा कठडा यांवरून जागा ठरते. जिना अजून उभा असेल तर तिथे जाऊन पायऱ्या मोजाव्यात. पाणी किती चढलं होतं ते नेमकं कळतं.

वस्तूही असंच सांगतात. एखाद्या पोथीवर फक्त खालच्या बाजूला डाग असतो, म्हणजे पाणी तेवढ्यावरच थांबलं. पण पोथी कोणत्या फळीवर होती, हे घरातल्या माणसालाच विचारावं लागतं.

विचारण्याचीही रीत आहे. ‘पुराबद्दल सांगा’ म्हटलं की लोक बरेचदा वाचलेलं, ऐकलेलं सांगतात. ‘आजी, तेव्हा स्टोव्हवर काय होतं?’ असं विचारलं की त्यांचा स्वतःचा दिवस उलगडू लागतो. एक जण पाणी सकाळी आलं म्हणतो, दुसरी दुपारी. दोघांना एका वेळेवर आणायचा मोह टाळा. पानशेत आधी फुटलं, खडकवासला नंतर. शिवाय घर नदीपासून किती दूर आणि किती उंचावर, यावरही वेळ ठरते. दोन्ही वेळा पत्त्यासह लिहून ठेवा. या तफावतीतूनच पाणी कसकसं पसरलं ते कळतं, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

फोटोंत जे अभावानंच दिसतं, ते बायकांच्या बोलण्यात येतं. खडकवासला गेल्यावर शहराचे नळ कोरडे पडले, वाड्यांतल्या आडांवर पुन्हा रांगा लागल्या. ती पाण्याची वणवण आवर्जून विचारा.

आणि फक्त पेठांत फिरू नका. घरं गेलेली कितीतरी कुटुंबं सहकारनगर, गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतींत गेली. वाचलेल्या ट्रंका, भांडी आणि फोटोही त्यांच्याबरोबर तिकडेच गेले.