पीएचडी : दोन डगरींवर हात

प्राण्यांच्या अंगावर पट्टे आणि ठिपके कसे उमटत असावेत, याचं गणित अ‍ॅलन ट्युरिंगने १९५२ मध्ये मांडलं. त्याआधीच आपल्याकडे, फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबींनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र दिलं होतं. एका ठिकाणी गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली की शेजारी दुसरी होण्याची शक्यता घटते, हे त्यात धरलेलं आहे. इतिहासकार म्हणून ओळखले जाणारे कोसंबी पिकांच्या जनुकीय नकाशांत आजही रोज वापरले जातात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

गणित आणि जीवशास्त्र जोडणाऱ्या अशा कामासाठी आज रीतसर वाटा आहेत. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था गणितीय विज्ञानांत आंतरविद्याशाखीय पीएचडी देते. चेन्नईच्या गणितीय विज्ञान संस्थेत संगणकीय जीवशास्त्रावर संशोधन चालतं.

अडचण दारातच आहे. सीएसआयआर-नेट या पात्रता परीक्षेचे विषय पाच : गणित, भौतिक, रसायन, जीव आणि भूविज्ञान. ‘गणित अधिक जीवशास्त्र’ असा सहावा नाही, त्यामुळे आधी एक घर निवडावंच लागतं. बहुतेकांनी गणिताचं निवडावं, असं आम्हाला वाटतं. अवकल समीकरणं आणि संभाव्यता पुढे सवडीने शिकणं जड जातं.

या परीक्षेतून मिळणाऱ्या संशोधन छात्रवृत्तीची, म्हणजे जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये झाली, घरभाडं वेगळं. मार्गदर्शक शक्यतो दोन, दोन्ही विभागांतले. ते एकमेकांशी बोलतात ना, हे मात्र त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनाच विचारा.