न दिसणाऱ्या गिऱ्हाइकाचे दुकान : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या आधी महिनाभर ज्या घरांतून भाजणीचा वास दरवळू लागतो, त्यांपैकी कित्येक घरांत आता शेगडीशेजारी एक मोबाइल ठेवलेला असतो आणि कढईतल्या घाण्याइतकेच लक्ष त्यावर येणाऱ्या मागण्यांकडे असते. फराळच काय, गोडा मसाला, गोधड्या, आकाशकंदील, हातमागाची वस्त्रे अशा नाना वस्तू, ज्यांना पागडी भरावी लागत नाही आणि ज्यांच्या फळ्या रात्री लावाव्या लागत नाहीत अशा दुकानांतून विकल्या जात आहेत. या व्यवसायात उतरणाऱ्यास सल्लागारांची वाण पडत नाही. परंतु त्या सल्ल्यांत ऐकीव माहितीचा भरणा फार, आणि तिच्या मुळाशी बहुधा एकच भ्रम असतो. जागा लागत नाही, त्याअर्थी व्यापाराची जुनी बंधनेही लागत नाहीत, असा तो भ्रम होय. वस्तुतः ज्या गिऱ्हाइकाला माल हाताळून, हुंगून वा चाखून पाहता येत नाही आणि विक्रेत्याचा चेहराही ठाऊक नसतो, त्याच्याशी होणाऱ्या व्यवहाराचा सारा भार लेखी शब्द, चोख हिशेब आणि कायदा यांच्यावरच पडतो. पुढील गैरसमज या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत.

गैरसमज १ : दुकानभाडे वाचले, म्हणजे तेवढा नफा वाढला.

वस्तुस्थिती : भाडे वाचते हे खरे, तथापि त्याच्या जागी अनेक किरकोळ खर्च येतात आणि ते दरमहा एकदा न येता प्रत्येक मागणीबरोबर येतात, म्हणून सहसा नजरेत भरत नाहीत. एक कल्पित, परंतु व्यवहारास धरून असलेला जमाखर्च मांडून पाहू. पाव किलो गोड्या मसाल्याची बरणी ३०० रुपयांना विकली, असे समजा. कच्चा माल, भाजणे व दळणावळ मिळून १२० रुपये, बरणी, लेबल आणि खोके ३०, कुरिअर ६०, पैसे वसूल करून देणाऱ्या सेवेचे शुल्क ७, आणि ते गिऱ्हाईक जाहिरातीतून मिळवण्यास आलेला खर्च ५० रुपये. एकूण खर्च २६७, शिल्लक ३३ रुपये. आणि या शिलकेत मसाला भाजणाऱ्या हातांची मजुरी धरलेलीच नाही, कारण घरच्या माणसाच्या श्रमाचे मोल खर्ची न टाकण्याची खोड आपल्याकडे फार जुनी आहे.

या आकड्यांतून निघणारा बोध मात्र निराशाजनक नाही. तेच गिऱ्हाईक दुसऱ्या खेपेस आपण होऊन आले, तर जाहिरातीचे ५० रुपये वाचतात आणि ३३ रुपयांची शिल्लक ८३ रुपये होते. म्हणजे या धंद्यातील खरी किफायत पहिल्या विक्रीत नसून दुसऱ्या मागणीत आहे. आणि ज्याच्या वहीत नवी व जुनी गिऱ्हाइके निरनिराळी मांडलेली नाहीत, त्याला आपला धंदा वाढतो आहे की केवळ जाहिरातीचा खर्च वाढतो आहे, हे वर्षअखेरीसही कळत नाही.

गैरसमज २ : माल हलका असला की पाठवणावळ थोडी.

वस्तुस्थिती : वाहतूक करणाऱ्याच्या गाडीत वजनाइतकीच जागाही मोलाची असते. म्हणून कुरिअर कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करतात, त्यास बहुधा ५००० ने भागतात आणि येणारा आकडा व प्रत्यक्ष वजन यांपैकी जे अधिक भरेल त्यावर आकार लावतात. सातशे ग्रॅमचा आकाशकंदील ४० × ३० × ३० सेंटिमीटरच्या खोक्यात घातला, तर त्याचे हिशेबी वजन ७.२ किलो होते. तोच कंदील घडीचा केला आणि जोडणीची सचित्र सूचना सोबत दिली, तर पाठवणावळ एकदम उतरते. तात्पर्य, वस्तूची किंमत ठरवण्यापूर्वी तिचे खोके ठरवावे.

गैरसमज ३ : ‘माल मिळाल्यावर पैसे’ ही सोय दिली की विक्री पक्की झाली.

वस्तुस्थिती : ही सोय आजची नव्हे. टपालखात्याने १८७७ मध्ये व्ही.पी.ची पद्धत सुरू केली आणि मराठी ग्रंथांच्या व मासिकांच्या कित्येक प्रती तिच्याच आधारे खेडोपाडी पोचल्या. तिच्यातील दोषही तेव्हापासूनचाच, की व्ही.पी. सोडवून घेणे न घेणे हे सर्वस्वी मागवणाऱ्याच्या लहरीवर अवलंबून. आजही दारी आलेला माल कोणी ‘आता नको’ म्हणून परत धाडतो, कोणी घरी सापडत नाही, कोणाचा पत्ताच अपुरा निघतो. आणि जाण्याचा व येण्याचा असा दुहेरी आकार विक्रेत्याच्या माथी बसतो. वरच्याच उदाहरणात दहांपैकी दोन बरण्या परत आल्या, परतीचा आकारही ६० रुपयेच पडला आणि बरण्या सुदैवाने अभंग राहिल्या, असे धरू. विकल्या गेलेल्या आठ बरण्यांवर २६४ रुपये सुटले. परत आलेल्या दोहोंवर कुरिअरचे २४० आणि जाहिरातीचे १०० असे ३४० रुपये गेले. आठ गिऱ्हाइकांनी रोख पैसे मोजूनही शेवटी ७६ रुपयांची तूटच आली.

याचा अर्थ ही सोय बंदच करावी असा नाही. नव्या विक्रेत्यावर विश्वास नसलेल्या गिऱ्हाइकाची शंका रास्तच असते. परंतु माल रवाना करण्यापूर्वी फोन करून मागणीची खातरजमा करणे, अल्पशी रक्कम आगाऊ घेणे, आधी पैसे भरणाऱ्यास थोडी सूट देणे, हे उपाय प्रथमपासूनच योजावे. खाद्यपदार्थांच्या बाबतीत तर त्यांची निकड अधिक, कारण आठवडाभर गाडीत हिंडून आलेला चिवडा पुन्हा विकता येत नाही.

गैरसमज ४ : घरगुती पदार्थ आहेत, त्यांना परवाना कशाला?

वस्तुस्थिती : २००६ चा अन्नसुरक्षा व मानके कायदा कारखाना आणि स्वयंपाकघर असा भेद करून घराला माफी देत नाही. लहान उत्पादकाला त्याने परवान्यातून सोडवले आहे, नोंदणीतून नव्हे. २०११ च्या विनियमांनी या नोंदणीसाठी वार्षिक १२ लाख रुपयांच्या उलाढालीची मर्यादा घातली आणि तिच्या वर परवाना आवश्यक केला. अशा मर्यादा वेळोवेळी बदलत असल्यामुळे अर्जाच्या दिवशी अमलात असलेली मर्यादा पाहून घ्यावी. नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक, घटकपदार्थ आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह लेबलावर असावे लागते. याशिवाय आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या वजनमाप नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हा तपशील वेष्टनावर द्यावा लागतो. आणि १ जानेवारी २०१८ पासून, उत्पादनाचा महिना व वर्ष वगळता, हाच तपशील विक्रीच्या ऑनलाइन पानावरही दाखवणे बंधनकारक झाले आहे.

घरगुती म्हणजे सैल, ही समजूतच मुळात चुकीची आहे. १९५९ मध्ये गिरगावात सात स्त्रियांनी आरंभिलेल्या लिज्जत पापडाची रीत पाहावी. पीठ केंद्रावर मळले जाते, लाट्या घरोघरी नेऊन पापड लाटले जातात आणि ते केंद्रावर परत आले की तपासून घेतले जातात. काम घरात, पण प्रमाण आणि तपासणी एकाच ठिकाणी, या व्यवस्थेमुळेच अनेक हातांनी लाटलेला पापड एका चवीचा राहतो. न चाखता मागणी नोंदवणाऱ्या गिऱ्हाइकाला तर या एकसारखेपणाचीच हमी हवी असते.

कागदपत्रांच्या बाबतीत उलट दिशेचा गैरसमजही आढळतो, तो असा की दर सनदेपायी दलालाचे हात ओले करावेच लागतात. १ जुलै २०२० पासून सुरू झालेली, लघुउद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी संकेतस्थळावर पूर्णतः निःशुल्क आहे. शुल्क मागणारी, सरकारी भासणारी पाने ही मध्यस्थांची असतात. तसेच, ज्याला लोक अजूनही ‘गुमास्ता’ म्हणतात त्याबाबत महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने ठरावीक संख्येहून कमी कामगार असणाऱ्यांना नोंदणीऐवजी केवळ सूचना देण्याची मुभा दिली आहे.

गैरसमज ५ : उलाढाल ४० लाखांच्या आत आहे, तेव्हा जीएसटीचा संबंधच नाही.

वस्तुस्थिती : हा समज जितका अपुरा, तितकाच ‘ऑनलाइन म्हटले की पहिल्या रुपयापासून नोंदणी हवीच’ हा समजही अपुरा आहे. केवळ वस्तूंची विक्री करणाऱ्यास महाराष्ट्रात ४० लाखांची मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून लागू आहे. परंतु करपात्र माल राज्याबाहेर पाठवू लागताच ती ढाल गळून पडते आणि उलाढाल कितीही अल्प असली तरी नोंदणी करावी लागते. सावंतवाडीहून रत्नागिरीस जाणारी मसाल्याची बरणी आणि सावंतवाडीहून पणजीस जाणारी तीच बरणी यांत अंतराच्या दृष्टीने पणजी जवळ असली, तरी कायद्याच्या दृष्टीने ती परराज्यात आहे. कायद्याच्या यादीत नमूद असलेल्या हस्तकलेच्या वस्तूंना या बाबतीत ठरावीक उलाढालीपर्यंत सवलत आहे, आणि पापडासारखा पूर्णतः करमुक्त मालच जो विकतो त्याच्यावर नोंदणीचे बंधन नाही.

मोठ्या ऑनलाइन बाजारांमार्फत विकणाऱ्यास पूर्वी सरसकट नोंदणी घ्यावी लागे. १ ऑक्टोबर २०२३ पासून मात्र, जो आपल्याच राज्यात विकतो, ज्याची उलाढाल मर्यादेत आहे आणि जो पॅनच्या आधारे केवळ नावनोंदणीचा क्रमांक घेतो, अशा वस्तूविक्रेत्यास तीतून सूट मिळाली आहे. म्हणून कराचा प्रश्न ‘किती विकता’ एवढ्यावर न सुटता ‘काय, कोठे आणि कोणामार्फत विकता’ या तिन्हींवर सुटतो, आणि त्याचे उत्तर पहिली परराज्यातील मागणी स्वीकारण्यापूर्वी मिळवावे.

गैरसमज ६ : संकेतस्थळाचे नाव विकत घेतले, म्हणजे ते नाव आपल्या मालकीचे झाले.

वस्तुस्थिती : संकेतस्थळाचा पत्ता हा मुदतीने घेतलेला पत्ता असतो, त्यावरून व्यापारचिन्हाचा हक्क प्राप्त होत नाही. तो हक्क १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याखालील नोंदणीने दृढ होतो. त्यासाठी माल व सेवा यांचे ४५ वर्ग आहेत, मसाले तिसाव्या वर्गात मोडतात, व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी प्रत्येक वर्गामागे ४५०० रुपये शुल्क पडते, आणि नोंदणी दहा वर्षे टिकून पुढे नूतनीकरणास पात्र राहते. नोंदणी नसतानाही एखादे नाव आधीपासून सातत्याने वापरणाऱ्यास कायदा संरक्षण देतो. परंतु तो वापर सिद्ध करण्यास जुनी बिले, जाहिराती व पत्रव्यवहार जपून ठेवलेला असावा लागतो.

काही नावे तर एकट्याची होऊच शकत नाहीत. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या उत्पादनासाठी. अन्य प्रांतीचा आंबा कोकणचा हापूस म्हणून पेटीत भरणे ही चतुराई नसून कायद्याचा भंग आहे.

गैरसमज ७ : आप्तमित्रांकडून पाच तारे मिळवावे, आणि एखादी तक्रार आलीच, तर ती इतक्या दूरवरून कोण चालवणार?

वस्तुस्थिती : २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहकाला तो स्वतः जेथे राहतो वा काम करतो तेथील आयोगाकडे तक्रार करण्याचा अधिकार दिला. नाशिकच्या विक्रेत्याविरुद्धची कैफियत त्यामुळे नागपुरात दाखल होऊ शकते. त्याच महिन्यात निघालेल्या ई-कॉमर्स नियमांनी विक्रेत्याने ग्राहकाचे सोंग घेऊन आपल्याच मालाची स्तुती लिहिण्यास मनाई केली, आणि सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास नकार देण्यासही. ऑनलाइन बाजारांतून विकणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमावा, तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी आणि तिचा निकाल महिन्याभरात लावावा, असाही दंडक आहे. घरगुती व्यवसायात हा अधिकारी बहुधा घरातलाच कोणी असतो. त्याने वेळेवर दिलेले साधे, सरळ उत्तर पुष्कळ तक्रारी पहिल्याच पायरीवर मिटवते. आणि वर्णनातच ‘तिखट जहाल आहे’, ‘हातकामामुळे रंगात किंचित फरक पडेल’, असे आधीच लिहून ठेवले, तर तक्रारीचे निम्मे कारणच उरत नाही.

गैरसमज ८ : मोठ्या बाजारात नाव नोंदवले, की गिऱ्हाईक आपले झाले.

वस्तुस्थिती : तेथे येणारे गिऱ्हाईक त्या बाजाराचे असते. त्याचा पत्ता विक्रेत्यास मालाच्या रवानगीपुरताच मिळतो, दलालीचे दर व दर्शनी जागा बाजारवाला ठरवतो, आणि त्याचा एक नियम बदलला की कालपर्यंत चालणारा माल तळाशी जाऊ शकतो. समाजमाध्यमावरील पानाचीही तीच गत आहे. म्हणून तेथील गर्दीचा लाभ जरूर घ्यावा. पण विक्रीचा मार्ग एकच ठेवू नये, आणि जी गिऱ्हाइके आपल्याकडे थेट मागणी नोंदवतात त्यांची यादी, त्यांच्या संमतीने, आपल्या दफ्तरी ठेवावी.

ज्याला हा व्यवसाय नव्याने मांडायचा आहे, त्याने पहिल्या वर्षी एक-दोनच वस्तू, शक्य तो आपल्याच राज्यात आणि शक्य तो आगाऊ पैसे घेऊन विकाव्या; प्रत्येक मागणीचा जमाखर्च स्वतःच्या मजुरीसह लिहावा; आणि महिन्याअखेर एकूण विक्रीच्या आकड्याआधी दुसऱ्यांदा मागणी करणाऱ्यांची संख्या पाहावी. ती वाढत नसेल, तर जाहिरातीची रक्कम वाढवण्यापूर्वी माल, त्याचे वर्णन आणि तो पोचवण्याची व्यवस्था या तिहींपैकी कसूर कोठे होते आहे, ते शोधावे.