काठ कुणाचा? (लेखांक ५) : जमीन शेतकऱ्याची, हक्क नदीचा

२ ऑक्टोबर १९६८ रोजी अमेरिकेत मुक्त वाहणाऱ्या नद्यांचा कायदा झाला. पहिल्याच यादीत आठ नद्या होत्या आणि त्यांत मिझुरी राज्यातली इलेव्हन पॉइंट होती. धरणाचा प्रश्न कायद्याने एका फटक्यात निकाली काढला. यादीतल्या पट्ट्यात जलविद्युत धरणाला परवानाच द्यायचा नाही. पाणी सुटलं, काठ मात्र अडला.

ओझार्कच्या डोंगरांतला हा पट्टा सुमारे ७१ किलोमीटरांचा. काही काठ वनखात्याचा, बाकीचा खासगी. तिथे गवताची कुरणं, गुरं, शेतघरं. कायद्याने मैलामागे दोन्ही काठ मिळून सरासरी ३२० एकरांपर्यंतच जमीन पट्ट्यात घेऊ दिली. म्हणजे पाण्यापासून प्रत्येक बाजूला साधारण चारशे मीटर. पण खासगी जमिनीची पूर्ण मालकी सरकारने घ्यायची, तर तिला मैलामागे सरासरी १०० एकरांची मर्यादा. मग उरलेली जमीन सांभाळायची कशी?

इथे सुविधाधिकार कामाला आला. शेजाऱ्याच्या बांधावरून जायची वाट आपल्याकडे कागदोपत्री हक्क म्हणून टिकते, त्याच जातकुळीतला हा हक्क. सरकार जमीन घेत नाही. काठावर नवी बांधकामं उठवण्याचा, झाडं सरसकट तोडण्याचा मालकाचा अधिकार तेवढा विकत घेतं. हक्क विकण्याआधी जमिनीची किंमत किती आणि विकल्यावर किती, हा फरक मालकाच्या हातात पडतो. जमीन त्याचीच राहते, वारसांना जाते, विकताही येते. शिवाय व्यवहाराआधीपासून जे नेहमीचं चालू होतं, त्याला मालकाच्या संमतीशिवाय हात लावता येत नाही. आजोबांच्या काळापासून जिथे गुरं चरतात, तिथे ती चरतच राहतात.

मला या कायद्यातलं हे कलम सगळ्यांत शहाणं वाटतं. आपल्याकडे नदीकाठी निळी आणि लाल पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर कुठवर चढेल आणि शंभर वर्षांतला कुठवर, हे त्या सांगतात. पण त्या रेषा माणसाला पुरापासून वाचवण्यासाठी आहेत, नदीला माणसापासून नव्हे. आणि रेषेच्या आत ज्याची जमीन गेली, त्याला मोबदल्यात बहुधा मनस्तापच मिळतो. त्याने रात्रीतून भराव टाकला, तर निदान नवल तरी वाटू नये.

अर्थात सुविधाधिकाराला राखण लागते. ज्याने हक्क विकला त्याला अटी पाठ असतात. पुढे जमीन विकत घेणाऱ्याला काठावर लाकडी बंगली हवी असते आणि करारपत्र त्याने धड वाचलेलं नसतं. आपला सातबारा घेताना ‘इतर हक्क’ हा रकाना किती जण वाचतात? म्हणून तिथल्या वनखात्याला मालक बदलला की पुन्हा पहिल्यापासून समजावत बसावं लागतं. बोटींच्या मोटारीला २५ अश्वशक्तीची मर्यादा घालणं त्या मानाने सोपं.

मोठी अडचण मात्र जमिनीखाली आहे. ओझार्कचा खडक चुनखडीच्या जातीचा, पोखरलेला. ग्रीअर हा प्रचंड झरा इलेव्हन पॉइंटला मिळतो आणि नदीचं पाणी जवळपास दुप्पट होतं. ते पाणी चारशे मीटरांच्या पट्ट्यात पडलेल्या पावसाचं नाही. दूरदूरच्या खळग्यांतून, कोरड्या ओढ्यांतून ते आत मुरतं. पाण्यात रंग सोडून माग काढला, तेव्हा इलेव्हन पॉइंटच्या खोऱ्यात मुरलेलं पाणी दुसऱ्याच खोऱ्यात, करंट नदीकाठच्या बिग स्प्रिंगमध्ये निघालं! १९७८ साली याच भागातल्या वेस्ट प्लेन्स गावी सांडपाण्याच्या तळ्याचा तळ खचला आणि घाण सरळ भूजलात उतरली. परिसरात विहिरींचं पाणी पिणारी शेकडो माणसं आजारी पडली. असलं तळं नदीच्या पट्ट्याबाहेर, कित्येक मैलांवर असेल, तर १९६८ च्या कायद्याचा हात तिथवर पोचत नाही. तिथे कुणाचा पोचतो, ते पुढच्या लेखांकात.