मॉनिटर न उघडता सापडणारा बिघाड

जुन्नर तालुक्यात खोडदच्या परिसरात जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी आहे. तिच्या 30 तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. 14 मध्यभागी एकवटलेल्या, 16 तीन दिशांना पसरलेल्या. दर दोन तबकड्यांचे संकेत एकमेकांशी ताडून पाहिले जातात. अशा जोड्या होतात 435. एखादी तबकडी बिघडली, की तिच्या 29 जोड्या एकदम बिनसतात आणि बाकीच्या ठणठणीत राहतात. एकच जोडी बिनसली असेल, तर संशय तबकडीवर न जाता पुढच्या यंत्रणेवर जातो. कोणी तबकडीवर चढण्याआधीच बरीचशी चौकशी उरकलेली असते. नारायणगाव किंवा मंचरच्या घरात काळ्या पडलेल्या मॉनिटरलाही हीच रीत लागू पडते, कारण तिला इलेक्ट्रॉनिक्सच्या ज्ञानापेक्षा ताडून पाहण्याची शिस्त जास्त लागते.

चित्र चार ठिकाणी अडू शकते: संगणकात, केबलमध्ये, मॉनिटरच्या वीजपुरवठ्यात आणि खुद्द पडद्यात. आपण मात्र जिथे अंधार दिसतो त्यालाच दोषी ठरवून मोकळे होतो. मॉनिटर चालू ठेवून चित्राची केबल मागून काढावी. ‘नो सिग्नल’ अशी पाटी झळकली, तर ती अक्षरे मॉनिटरने स्वतःच्या बळावर उमटवलेली असतात; म्हणजे पडदा, त्यामागचा उजेड आणि वीजपुरवठा तिन्ही शाबूत. जोडी लावायला घरात दुसरा मॉनिटर कुठून आणायचा, असे कोणी विचारेल. पण टीव्ही तर असतो. संगणकाची तीच एचडीएमआय केबल टीव्हीला लावावी. चित्र आले तर संगणक आणि केबल दोघेही सुटले. मग मॉनिटरचा ‘इनपुट’ भलत्याच खाचेवर ठेवलेला नाही ना, ते पाहावे. हा ‘बिघाड’ नेहमीचाच.

चित्र येते पण वाकडेतिकडे किंवा बेरंगी येते, तेव्हा मॉनिटरच्या बटणांनी उघडणारा मेनू हा उत्तम साक्षीदार. जुन्या व्हीजीए केबलमध्ये लाल, हिरव्या, निळ्या रंगाची तार वेगवेगळी असते. प्लग तिरका घुसवताना लाल रंगाची पिन वाकली, की पांढरे पान निळसर-हिरवे दिसू लागते. त्याच वेळी मेनूतले रंग ठीक असतील तर दोष बाहेरून येतो आहे. उभी रेघ मेनूलाही कापत गेली तर मात्र पॅनेल गेले, आणि त्याचा खर्च बहुधा नव्या मॉनिटरच्या जवळ जातो. पडदा काळा आणि बटणाचा दिवा मात्र चालू, असे असेल तर खोलीत अंधार करून मोबाइलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरावी. द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत, मागचा उजेड अडवतात किंवा सोडतात. फिकट चित्र दिसले तर फक्त तो उजेड विझला आहे.

आपल्याकडे सगळ्याचे खापर ‘व्होल्टेज कमी झाले’ यावर फुटते. शेतीपंप एकदम सुरू झाले की डीपीवर ताण येतो, हे जुन्नर-आंबेगावात कोणाला सांगायला नको. पण मॉनिटरच्या पाठीवरची किंवा अ‍ॅडॉप्टरवरची पट्टी वाचावी: बहुतेकांवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलेले असते. पंखा मंदावला तरी अशा मॉनिटरला 170 व्होल्ट पुरतात. घातक ठरतो तो उलटा प्रकार. न्यूट्रल तुटला की ज्या फेजवर भार कमी, तिथे व्होल्टेज 300 च्याही वर चढू शकते. वळवाच्या पावसात कडाडणारी वीजही असाच घाला घालते. आणि काही वेळा दोष निव्वळ वयाचा असतो: अनेकदा चालू-बंद केल्यावर एकदाचा लागणारा, पण तापल्यावर नीट चालणारा मॉनिटर बहुधा आतले कपॅसिटर वाळल्याचे सांगत असतो.

इथे घरगुती चौकशी थांबवावी. 230 व्होल्टची वीज एकदिश केल्यावर सुमारे 325 व्होल्ट होते, आणि प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये काही काळ टिकू शकते. मागचे झाकण उघडणे हे मेकॅनिकचेच काम. मग एवढा खटाटोप न करता सरळ दुकानातच का नेऊ नये? न्यावा, पण दुकानात छान चाललेला मॉनिटर घरी आणल्यावर पुन्हा काळा पडतो, तो अनेकदा तिथे दुकानाची केबल लावलेली असते म्हणून. तेव्हा दुरुस्तीला जाताना आपली केबलही पिशवीत टाका.