चित्रामागचे वनराज भाटिया

आधी नुसतं संस्कृत पठण, धीरगंभीर आणि संथ. मग त्यातूनच समूहस्वर उमलत जातात. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त १९८८ साली घराघरांत पोचलं ते ‘भारत एक खोज’च्या शीर्षकसंगीतातून. हिंदी शब्द वसंत देवांचे, संगीत वनराज भाटियांचं. ५३ भागांची ती मालिका विसरलेल्यांच्याही कानात ते सूर अजून आहेत.

भाटिया मुंबईचे, जन्म १९२७चा, घर कच्छी. लंडनची रॉयल अकॅडमी, पुढे पॅरिसला नादिया बूलांझे यांच्यासारखी गुरू. परत आल्यावर त्यांनी दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीत शिकवलं आणि मुंबईत जाहिरातींच्या जिंगल्सचा अक्षरशः ढीग रचला. त्या कामाला कुणी कमी लेखू नये. काही सेकंदांत सुरू व्हायचं, मनात घर करायचं आणि संपायचं. पार्श्वसंगीताची याहून चांगली तालीम कुठली?

‘अंकुर’पासून (१९७४) श्याम बेनेगलांशी त्यांची जोडी जमली. मला त्यातला सगळ्यात जवळचा चित्रपट ‘भूमिका’ (१९७७). हंसा वाडकरांच्या ‘सांगत्ये ऐका’वर बेतलेला, म्हणजे जुन्या स्टुडिओंचा काळ कानांनाही पटायला हवा. भाटियांनी त्यासाठी सरस्वतीबाई राणे यांना गायला बोलावलं. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही लेक, ‘रामराज्य’च्या जमान्यातला आवाज. सोबत त्यांची नात मीना फातर्पेकर. पडद्यावर आजी नातीला गाणं शिकवते, आणि गळेही खरोखर आजी-नातीचेच! युरोपात शिकून आलेल्या माणसाला इथे व्हायोलिनांचा ताफा उभा करता आला असता. त्यांनी तंबोऱ्याजवळचा गळा निवडला. संगीतकाराची खरी जाण मला इथे दिसते.

गोविंद निहलानींच्या ‘तमस’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१२ साली पद्मश्री. तरीही अखेरची वर्षं पैशाच्या ओढाताणीत गेली, हे वाचताना जीव तुटला होता. चित्रपटामागे वाजणाऱ्या संगीताची आपण नीट किंमत केलीच नाही.

७ मे २०२१ रोजी ते गेले. गिरीश कार्नाडांच्या नाटकावरचा ‘अग्निवर्षा’ हा ऑपेरा त्यांनी उतारवयात लिहायला घेतला होता. त्यात कॅमेरा नव्हता, दिग्दर्शकाने आखून दिलेली मिनिटं-सेकंदं नव्हती. सूर किती वेळ चालायचा, हे इथे त्यांचं त्यांना ठरवायचं होतं.